स्क्रीनवर उजळ, फाइलमध्ये काळा: मायक्रोस्कोप कॅमेऱ्याची सेटिंग्ज पुन्हा पुन्हा का बिघडतात

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या फाउंड्रींच्या लॅबमधून मायक्रोस्कोप कॅमेऱ्याबद्दल ज्या तक्रारी येतात, त्या फिरून फिरून तीनच. "स्क्रीनवर बरं दिसतंय की, फोटो काढला की काळा येतोय." "काल सगळं लावून गेलो होतो, आज परत पिवळं." आणि तिसरी खिशाला लागणारी: एकाच टेस्ट बारची (तपासणीसाठी ओतलेल्या नमुन्याची) नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्रॅफाइटपैकी किती टक्के नीट गोल आहे ते, पहिल्या शिफ्टला वेगळी, दुसऱ्या शिफ्टला वेगळी. समजा सकाळी ८८ टक्के आली आणि दुपारी ७९. ग्राहकाची अट ८५ ची असेल, तर सकाळच्या आकड्यावर माल सुटतो आणि दुपारच्या आकड्यावर तोच माल अडकतो. मग मॅग्नेशियम कमी पडलं का, ओतायला उशीर झाला का, यावर भट्टीवाले आणि लॅबवाले यांची जुंपते. कॅमेऱ्याकडे कुणी बघतच नाही.

बघितलं, तरी ब्राइटनेसचा स्लायडर ओढून मोकळे होतात. त्याने त्या दिवसाचं काम भागतं, दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. कारण उजेडावर एकाच वेळी चार गोष्टींचा हात असतो: दिवा, ऑटो एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते कॅमेरा स्वतः ठरवतो), ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग तो स्वतः जुळवतो) आणि रिझोल्युशन. यातली एक धरली आणि बाकीच्या तीन मोकळ्या ठेवल्या, की त्या तुमची दुरुस्ती पुसून टाकतात. कॅमेरा खरोखर खराब झालेला क्वचितच निघतो. नवा कॅमेरा मागवायच्या आधी खालचं सगळं एकदा तपासा. सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीचं असो, नावं थोडी इकडेतिकडे असतील, पण बटणं तीच.

प्रिव्ह्यू आणि फोटो यांचा मेळ का बसत नाही

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दोन रिझोल्युशन असतात, एक लाइव्हचं आणि एक स्नॅपचं. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा पूर्ण २५९२ बाय १९४४ वर चालवला, तर एका फ्रेमचा कच्चा माल ८ बिटमध्येच सुमारे ५ एमबी होतो. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं. त्यामुळे पूर्ण रिझोल्युशनवर चित्र अडखळत सरकतं, फोकस करताना वैताग येतो, आणि कुणीतरी लाइव्हचं रिझोल्युशन निम्म्यावर आणून ठेवतो. स्नॅप मात्र पूर्णच राहतं.

निम्म्या रिझोल्युशनला काही कॅमेरे शेजारच्या चार पिक्सेलचा उजेड एकत्र करून एक पिक्सेल बनवतात. याला बिनिंग म्हणतात. चौघांची बेरीज होत असेल, तर लाइव्ह चित्र चौपट उजळ दिसतं. तुम्ही त्यावर एक्स्पोजर बेतता, मग स्नॅप दाबता, कॅमेरा पूर्ण रिझोल्युशनवर जातो, बेरीज बंद होते आणि फोटो अंधारात जातो. सगळे कॅमेरे बेरीज करत नाहीत. काही सरासरी घेतात, काही मधले पिक्सेल सोडून देतात, आणि अशांत हा फरक पडत नाही. आपला कॅमेरा काय करतो ते कळायला माहितीपुस्तिका लागत नाही. ऑटो एक्स्पोजर बंद करा, लाइव्ह रिझोल्युशन बदला आणि चित्राचा उजेड बदलतो का ते बघा.

उपाय सरळ आहे. फोकस आणि जागा शोधणं कमी रिझोल्युशनवर करा, पण फोटो काढायच्या आधी लाइव्ह आणि स्नॅप दोन्ही सारखे करा. चित्र अडखळेल, अडखळू द्या. नमुना काही पळून जात नाही.

फोटो नुसता अंधारा नाही, पूर्ण काळाकुट्ट आला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. कॅमेरा १२ बिटवर लावलेला असतो आणि फाइल १६ बिटच्या टिफमध्ये जाते. १२ बिटचा सर्वांत उजळ आकडा ४०९५, १६ बिटचा ६५५३५. म्हणजे तुमचा लख्ख पांढरासुद्धा त्या मोजपट्टीवर सहा टक्क्यांच्या आसपास पडतो. विंडोजचा साधा फोटो बघायचा प्रोग्राम त्याला काळाच दाखवणार. फाइल शाबूत आहे, डिलीट करू नका. इमेजजे हा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडून त्यात ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची मर्यादा बदलली की चित्र जसंच्या तसं समोर येतं. रोजच्या नोड्युलॅरिटीसाठी १२ बिटची गरज नाही, ८ बिट पुरे.

ऑटो एक्स्पोजर: आकडे इथेच फिरतात

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

पॉलिश केलेला, एचिंग न केलेला (आम्लाने न कोरलेला) एसजी आयर्नचा, म्हणजे गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाचा, नमुना डोळ्यांसमोर आणा. धातू चमकता पांढरा, त्यात ग्रॅफाइटचे काळपट गोळे. ग्रॅफाइट साधारण दहा टक्के जागा व्यापतं, बाकी सगळा धातू. ऑटो एक्स्पोजर या चित्रातला एक चौकोन घेतं, त्याची सरासरी काढतं आणि ती सरासरी आधीपासून ठरलेल्या एका मधल्या करड्यावर आणून ठेवतं. त्याला ग्रॅफाइट कळत नाही, धातू कळत नाही, फक्त सरासरी कळते.

आता एका फील्डमध्ये (मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणाऱ्या जागेत) गोळ्यांची गर्दी आहे, किंवा नमुना ज्यात बसवतात ते माउंटिंगचं काळं बेकलाइट कडेला डोकावतंय. सरासरी खाली गेली, म्हणून कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो. धातू २५५ ला, म्हणजे ८ बिटच्या सर्वांत उजळ आकड्याला, जाऊन टेकतो, पांढऱ्याचा उजेड गोळ्यांच्या कडांवर सांडतो, गोळे बारीक होतात. एएसटीएम ई २५६७ या नोड्युलॅरिटी मोजायच्या मानकानुसार मोजत असाल, तर १० मायक्रॉनपेक्षा लहान कण मोजणीतून वगळले जातात. ११-१२ मायक्रॉनचे खरे गोळे या सांडलेल्या उजेडामुळे त्या सीमेखाली जातात आणि यादीतून नाहीसे होतात.

पुढच्या फील्डला गोळे विरळ आहेत. सरासरी वर गेली, कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो, चित्र गडद होतं. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या उजेडाच्या खालचं सगळं सॉफ्टवेअर ग्रॅफाइट धरतं ती सीमा, जागच्या जागी आहे. मग पॉलिशिंगचे ओरखडे, बारीक आकुंचन-छिद्रं, गोळ्याच्या मागे ओढली गेलेली शेपटी, हे सगळं त्या सीमेखाली येतं आणि सॉफ्टवेअर त्याला ग्रॅफाइट म्हणून मोजतं. शेजारी शेजारी असलेले दोन गोळे गडद चित्रात एकमेकांना चिकटतात आणि एकच लांबट कण होतो. त्याच मानकात कणाचं क्षेत्रफळ भागिले त्याच्या सर्वांत मोठ्या लांबीच्या व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ, असं गुणोत्तर काढतात. ते ०.६० किंवा त्याहून जास्त असेल तरच तो कण गोळा ठरतो. दोन उत्तम गोळ्यांचा चिकटलेला जोड यात नापास होतो. नोड्युलॅरिटी खाली. भट्टीत काहीही बिघडलेलं नसताना.

म्हणजे एकाच नमुन्याच्या पाच फील्डना पाच वेगवेगळी एक्स्पोजर लागली, आणि आपण त्यांची सरासरी रिपोर्टवर लिहून सही केली.

ऑटो थ्रेशोल्ड वापरतो, मग काय फरक पडतो, असं काही जण म्हणतात. थोडा कमी पडतो, हे खरं. पण धातू एकदा २५५ ला जाऊन टेकला, की कडेची माहिती पुसली गेली. नंतर थ्रेशोल्ड कुठेही ठेवा, ती परत येत नाही.

लावायची पद्धत अशी. गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवणारं सेटिंग) सर्वांत कमी ठेवा. नमुना स्थिर आहे, तेव्हा उजेड हवा असेल तर एक्स्पोजर टाइम वाढवा. गेन वाढवला की चित्रात दाणे येतात आणि तेही कण म्हणून मोजले जातात. गॅमा (मधल्या छटा उजळ-गडद करणारं सेटिंग) १ वर ठेवा. काही सॉफ्टवेअरमध्ये १ ऐवजी १०० लिहिलेलं असतं, ते तेच. शार्पनिंग, नॉइज रिडक्शन, ऑटो कॉन्ट्रास्ट, जे जे चित्र सुंदर करण्यासाठी आहे ते सगळं बंद. सुंदर फोटो कॅटलॉगला लागतो, मोजमापाला नाही. मग हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख, उघडा. ऑटो एक्स्पोजरची खूण काढा आणि धातूचं शिखर २०० च्या आसपास येईपर्यंत एक्स्पोजर टाइम हाताने बदला. १८० ते २२० मध्ये कुठेही चालेल, उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. एकदा लावलं की त्या नमुन्याची सगळी फील्ड त्याच आकड्यावर. फील्ड गडद वाटलं तरी हात लावायचा नाही. ते गडद आहे म्हणूनच गडद दिसतंय.

हीच अडचण जीवशास्त्राच्या लॅबमध्ये उलटी दिसते. खानापूरकडच्या तळ्यातल्या पाण्याचा थेंब स्लाइडवर घेतला, तर चित्रात नव्वद टक्के रिकामा उजळ भाग असतो. ऑटो त्याला करडा करायला जातं आणि शेवाळाचे तंतू काळे पडतात. तिथे ऑटोचा चौकोन ओढून नेमका शेवाळावर ठेवला तरी काम होतं, कारण तिथे मोजायचं नसतं, दाखवायचं असतं.

पिवळेपणा: दिवा आधी, व्हाइट बॅलन्स नंतर

जुन्या मायक्रोस्कोपना हॅलोजन दिवा असतो. त्याचा उजेड कमी केला की तो मंदावतो तसा पिवळाही होतो. सकाळी गोल बटण अर्ध्यावर ठेवून व्हाइट बॅलन्स केला, दुपारी कुणीतरी ते पाऊणवर नेलं, की रंग बदलणारच. म्हणून दिव्याची एक जागा ठरवा, तिथे मार्करने खूण करा आणि उजेड कमी करायचा असेल तर न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) टाका. अॅपर्चर डायफ्रॅम मिटवून उजेड कमी करायची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडावी. डायफ्रॅम कॉन्ट्रास्ट आणि बारकावे ठरवण्यासाठी आहे. तो मिटला की कडांभोवती काळी-पांढरी वलयं येतात आणि गोळ्यांचा आकार पुन्हा बदलतो.

फाउंड्रीत याच्यावर आणखी एक भानगड आहे. इंडक्शन भट्टी लोडवर आली की त्याच फीडरवरच्या लॅबचा व्होल्टेज खाली बसतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. व्होल्टेज पाच टक्के खाली गेला, तर उजेड साधारण पंधरा-सोळा टक्के कमी होतो. ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर ते ही घट भरून काढतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आपण ते बंद केलं, की ही घट उघडी पडते, आणि मग ऑपरेटर म्हणतो, "मॅन्युअल केल्यापासूनच त्रास सुरू झालाय बघा." त्रास आधीही होता, झाकलेला होता. ऑनलाइन प्रकारचा यूपीएस लावा. साधा ऑफलाइन यूपीएस करंट असेपर्यंत बाहेरचा व्होल्टेज जसाच्या तसा पुढे सोडतो, त्याचा इथे उपयोग नाही. किंवा दिवाच बदलून चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी बसवा. खर्च निघून येतो.

व्हाइट बॅलन्स करताना रिकामी जागा द्या. धातूच्या नमुन्यावर पॉलिश केलेला, ग्रॅफाइट नसलेला कोपरा सापडला तर उत्तम, नाहीतर आरशासारखं पॉलिश केलेलं स्टील ठेवा. पारदर्शक स्लाइडवर नमुना नसलेली जागा. एचिंग केलेल्या जागेवर करू नका. आणि इथे एक गोम आहे: ती जागा अतिउजळ असेल, लाल-हिरवा-निळा तिन्ही २५५ ला टेकलेले असतील, तर सॉफ्टवेअरला तिन्ही सारखेच दिसतात. त्याला वाटतं रंग बरोबरच आहे, आणि ते काहीच दुरुस्त करत नाही. व्हाइट बॅलन्सचं बटण दाबूनही पिवळं जात नाही, या तक्रारीचं कारण बहुधा हेच निघतं. आधी एक्स्पोजर कमी करा, मग बटण दाबा.

व्हाइट बॅलन्स तिन्ही रंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एकूण उजेडही थोडा हलतो. म्हणून क्रम असा ठेवा: दिवा, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आणि पुन्हा एकदा एक्स्पोजरवर नजर. फक्त नोड्युलॅरिटी बघायची असेल, तर रंगाचा प्रश्नच उरवू नका. मोनो मोड लावा किंवा सॅच्युरेशन शून्य करा.

चित्रावर सरकणारे आडवे पट्टे

आपली वीज ५० हर्ट्झची. दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे एक्स्पोजर या तालात बसलं नाही तर काही ओळी उजळ, काही गडद. अनेक सॉफ्टवेअरमध्ये फ्लिकरचं सेटिंग मुळात ६० हर्ट्झवर असतं. ते ५० करा. मॅन्युअल एक्स्पोजर लावताना १० मिलीसेकंदाच्या पटीत आकडा ठेवा: १०, २०, ४०. उजेड जास्त होत असेल तर १० च्या खाली जाण्यापेक्षा फिल्टर टाका.

५० लावून, २० मिलीसेकंद ठेवूनही पट्टे गेले नाहीत, तर एलईडीच्या डिमरकडे बघा. स्वस्त डिमर उजेड कमी करण्यासाठी एलईडी भराभर चालू-बंद करतात, आणि त्या ठोक्याचा विजेशी काही संबंध नसतो. बटण पूर्ण वर न्या. पट्टे गेले, तर दोषी डिमर. मग दिवा पूर्ण उजेडावरच ठेवून फिल्टरने उजेड कमी करायचा. करंट गेल्यावर डिझेल जनरेटर लागला आणि पट्टे परत आले, तर काही शोधत बसू नका. जनरेटरची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे इकडेतिकडे होते. मेन सप्लाय येईपर्यंत पॉलिशिंग करून घ्या.

तुटलेला भाग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघताना खोलीतली चोकची ट्यूबलाइटसुद्धा पट्टे देते. ती बंद करून बघा.

एक्स्पोजर वाढवायला सांगितलं खरं, पण मोल्डिंग मशीन किंवा शेकआउट (साच्यातून माल झटकून काढायचं यंत्र) लॅबच्या भिंतीपलीकडे असेल, तर लांब एक्स्पोजरमध्ये हादरे पकडले जातात आणि ४०० पट मोठेपणावर चित्र धूसर येतं. टेबल भिंतीपासून सुटं करा, पायांखाली जाड रबर घाला. तरीही जमलं नाही, तर मशीन थांबल्यावर फोटो काढा. जेवणाच्या सुट्टीत काढलेले फोटो स्वच्छ आणि बाकीचे धूसर, असं दिसलं तर शंकेला जागा नाही.

लावलेली सेटिंग्ज सकाळी उडालेली का असतात

एकदा पॅरामीटर सेव्ह करायचं असतं हे बहुतेकांना माहीत असतं. तरी उडतात. त्याची कारणं कॅमेऱ्यात नसून विंडोजमध्ये सापडतात.

पहिलं, दोन शिफ्टचे दोन विंडोज युजर. जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअर आपली सेटिंग फाइल प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये लिहायला जातात. विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही, पण नकारही देत नाही. गुपचूप त्या युजरच्या स्वतःच्या खात्यात, व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवते. म्हणजे प्रत्येक युजरची सेटिंग वेगळी, आणि दोघांनाही वाटतं आपण एकच सेटिंग वापरतोय. पहिल्या शिफ्टची नोड्युलॅरिटी आणि दुसऱ्या शिफ्टची नोड्युलॅरिटी यांत ठरावीक फरक दिसत असेल, तर सगळ्यात आधी हेच तपासा. एकाच युजरने सॉफ्टवेअर कधी साधं उघडलं आणि कधी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, तरी हाच गोंधळ. मायक्रोस्कोपच्या पीसीला एकच सामायिक युजर ठेवा, किंवा पॅरामीटर फाइल एक्स्पोर्ट करून डी ड्राइव्हवर ठेवा आणि शिफ्ट सुरू करताना तीच लोड करा. फाइलच्या नावात ऑब्जेक्टिव्ह आणि कामाचा प्रकार लिहा, नाहीतर "फायनल", "फायनल नवीन", "फायनल पक्की" अशी रांग लागते.

दुसरं, यूएसबीचा पोर्ट. ज्या कॅमेऱ्याला स्वतःचा सिरीयल नंबर नसतो, तो दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की विंडोज त्याला नवा कॅमेरा समजते. नवा कॅमेरा म्हणजे कारखान्याची सेटिंग्ज. झाडलोट करताना वायर काढून शेजारच्या भोकात घातली, एवढं कारण पुरतं. पीसीच्या मागचा एक पोर्ट ठरवा, त्यावर रंगाचा ठिपका द्या. समोरचे पोर्ट आणि हब टाळा.

तिसरं, वेबकॅमसारखे चालणारे साधे कॅमेरे. त्याच पीसीवर कुणी व्हिडिओ मीटिंग केली आणि तिथे मायक्रोस्कोपचा कॅमेरा निवडला गेला, तर तो प्रोग्राम ऑटो सगळं परत चालू करून जातो. शिवाय तो मागे उघडा राहिला असेल तर तुमच्या सॉफ्टवेअरला कॅमेरा मिळतच नाही. विंडोजच्या प्रायव्हसीमध्ये डेस्कटॉप अॅप्सना कॅमेऱ्याची परवानगी बंद असली तरी पडदा काळा राहतो. अपडेटनंतर एकदा तिथे डोकावून या.

जेवून आल्यावर चित्र गोठलेलं सापडत असेल, तर पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

मायक्रॉनचा हिशेब दुप्पट किंवा निम्मा येणं

स्केल ज्या रिझोल्युशनवर कॅलिब्रेट केलं, त्याच रिझोल्युशनला ते खरं. पूर्ण रिझोल्युशनवर कॅलिब्रेट करून निम्म्यावर फोटो काढला, तर ४० मायक्रॉनचा गोळा २० मायक्रॉनचा मोजला जातो. आयएसओ ९४५ या ग्रॅफाइटच्या मानकाच्या वर्गवारीत ३० ते ६० मायक्रॉन हा आकार ६ आणि १५ ते ३० हा आकार ७, म्हणजे रिपोर्टचा आकारवर्गच बदलला. आणि वर सांगितलेली १० मायक्रॉनची सीमा प्रत्यक्षात २० मायक्रॉनला लागली. काही सॉफ्टवेअर रिझोल्युशन बदललं की स्केल आपोआप सांभाळतात, काही नाही. खात्री करायची तर स्टेज मायक्रोमीटर ठेवा. एक मिलिमीटरचे शंभर भाग, प्रत्येक भाग १० मायक्रॉन. दहा भाग मोजले तर १०० मायक्रॉन यायला हवेत, दोन्ही रिझोल्युशनला. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचं कॅलिब्रेशन वेगळं. कॅमेऱ्याखालचा ०.५ पटीचा अडॅप्टर काढून दुसरा बसवला, तर सगळं पुन्हा.

सॉफ्टवेअरला ऑब्जेक्टिव्ह बदलल्याचं बहुधा कळत नाही, ते यादीतून हाताने निवडावं लागतं. कोल्हापूरकडच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या लॅबशी आपले आकडे जुळत नाहीत, असं झालं तर वाद घालायच्या आधी दोघांनी स्टेज मायक्रोमीटरचा एकेक फोटो एकमेकांना पाठवावा.

पाठवायचा कसा, हेही सांगतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि दाबला जातो. पलीकडचा त्यावर मोजायला बसला तर त्याचे मायक्रॉन चुकणार. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेपीईजीपेक्षा टिफ किंवा पीएनजी ठेवा. गोळ्यांच्या कडेला जेपीईजी जी धूळ उडवते ती थ्रेशोल्डला दिसते.

आणि आपल्या भागाची एक खास अडचण: फोल्डरचं नाव मराठीत किंवा कन्नडात असलं की जुनी सॉफ्टवेअर अडतात. काही एरर देतात. काही "सेव्ह झालं" म्हणून सांगतात आणि फाइल कुठेच नसते. विंडोजच्या युजरचं नावच कन्नडात असेल तर मूळ पिक्चर्स फोल्डरसुद्धा उपयोगी नाही. डी ड्राइव्हवर रोमन अक्षरांचं छोटं नाव देऊन फोल्डर करा, हीट नंबर (भट्टीच्या त्या वितळणीचा क्रमांक) आकड्यांत लिहा. भाषेचा अभिमान रिपोर्टच्या मजकुरात दाखवता येईल.

कोपरे काळे, मध्य उजळ

मध्यावरचे गोळे नीट आणि कोपऱ्यांतला धातूही ग्रॅफाइट म्हणून मोजला जातोय, तर उजेड सपाट नाही. आधी दिव्याचं केंद्र जुळवा आणि फील्ड डायफ्रॅम पूर्ण उघडा आहे का बघा. उरलेल्या फरकासाठी फ्लॅट फील्ड करेक्शन: रिकामी पॉलिश केलेली जागा थोडी फोकसबाहेर नेऊन तिचा फोटो सॉफ्टवेअरला द्यायचा. ऑब्जेक्टिव्ह बदलला की हे नव्याने करायचं. फोकसमध्ये असतानाच ते दिलं, तर त्या जागेवरचा प्रत्येक ओरखडा पुढच्या सगळ्या फोटोंत उलटा होऊन उमटतो. प्रत्येक फोटोत एकाच जागी एकच पुसट रेघ दिसत असेल, तर ती नमुन्यावरची नाही, या करेक्शनमधली आहे.

सेटिंगने न सुटणारं

जून ते सप्टेंबर बेळगावच्या हवेत ओल असते, खानापूर-कणकुंबीच्या अंगाला तर विचारू नका. ऑब्जेक्टिव्हच्या काचेवर बुरशीचे तंतू धरतात. चित्र धुकट, काळं नीट काळं नाही, कॉन्ट्रास्ट वाढवावा तर दाणे वाढतात. हिस्टोग्राममध्ये ग्रॅफाइटचं शिखर दर महिन्याला उजवीकडे सरकतंय असं दिसलं, तर सॉफ्टवेअर सोडा आणि ऑब्जेक्टिव्ह काढून उजेडासमोर तिरपी धरून बघा. तंतू आतल्या काचेवर असतील तर घरी उघडू नका, जाणकाराकडे द्या. रात्री मायक्रोस्कोपवर नुसतं प्लॅस्टिकचं आवरण घालून ठेवल्याने ओल आतच कोंडते. ऑब्जेक्टिव्ह काढून सिलिका जेलच्या डब्यात ठेवणं जास्त बरं. जेलचा रंग बदलला की ते तापवून घ्यायचं.

ही सगळी सेटिंग्ज जागेवर आहेत का हे रोज एका मिनिटात तपासायचं असेल, तर एक चांगला नमुना राखून ठेवा. शिफ्ट सुरू होताना त्याचा एक फोटो, ठरलेल्या जागेवर, ठरलेल्या पॅरामीटर फाइलवर. धातूचं शिखर कालच्या जागी आहे का, एवढंच बघायचं. सरकलं असेल तर आधी दिव्याची खूण, मग यूएसबीचा ठिपका, मग युजर कोणता ते बघा. ब्राइटनेसला शेवटपर्यंत हात लावू नका. पावसाळ्यात हा नमुना उघड्यावर ठेवला तर पॉलिश केलेल्या लोखंडावर लगेच गंज धरतो आणि गंजाचे ठिपके ग्रॅफाइटसारखेच काळे दिसतात. म्हणून तोही सिलिका जेलच्या डब्यात. तरीही ठिपके आले तर शेवटच्या बारीक कापडावर थोडं पुन्हा पॉलिश करून घ्या, आणि त्या दिवशीचं शिखर नवं म्हणून लिहून ठेवा.